गुराख्याचे चित्र आणि तारेचे कुंपण



आजच्या व्याख्यानाचा विषय बाहेरच्या फळ्यावर वाचून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण हे ह्या व्यासपीठाचे हक्काचे विषय. त्यांत अमेरिकेतल्या गुराख्यांची एकोणिसाव्या शतकातली चित्रे कुठून आली? चालकांनाही हा प्रश्न पडला होता. परंतु त्यांनी मोठ्या मनाने आम्हाला मोकळीक दिली. आम्ही सोबत चित्रे आणलेली नाहीत. ती शब्दांनीच आपल्यापुढे उभी करावी लागतील. त्यात काही उणे राहिले तर तो दोष चित्रकारांचा नव्हे, आमचा समजावा.

ह्या विषयाकडे आम्ही वळलो त्याचे कारण घरगुती आहे. आमच्या लहानपणी गावात एक म्हातारा गुराखी होता. सकाळी वेशीपाशी तो एक विशिष्ट हाळी देई आणि घराघरांतून गुरे आपोआप बाहेर पडत. दीडदोनशे जनावरांतले प्रत्येक जनावर कोणाचे, कितव्या वेताचे, कोणाच्या अंगावर धावून जाणारे, हे त्याला तोंडपाठ असे. मोबदला म्हणजे घरटी भाकरी आणि सुगीला मापभर धान्य. तो वारला, त्याच्या मागे गायरानही आक्रसत गेले. पुढे एकदा गावची जुनी छायाचित्रे गोळा करण्याचा खटाटोप आम्ही केला. पाटील सापडले, शाळेचे मास्तर सापडले, एका लग्नातला घोडाही सापडला. गुराखी कुठेच सापडला नाही. ज्याच्या हाळीने गाव जागे होई त्याचा चेहरा आता कोणालाच दाखवता येणार नाही, ही गोष्ट मनाला लागली. आणि मग प्रश्न पडला, की जगात कोणी आपल्या गुराख्याचे चित्र काढून ठेवले आहे काय? काढले असेल तर कोणी, केव्हा, आणि त्यात काय राहिले, काय सुटले?

तर अमेरिकेत ते काढले गेले. इतके, की त्या देशाने गुराख्यालाच आपला राष्ट्रीय वीर करून टाकले. 'काऊबॉय' हा शब्द आपल्याला सिनेमामुळे परिचित आहे. कमरेला पिस्तूल, डोक्याला रुंद टोपी, खाली उधळलेला घोडा. पण शब्दाचा सरळ अर्थ पाहाल तर 'गाईमागचा पोऱ्या', म्हणजे आपला गुराखीच. हा पोऱ्या वीर कसा झाला, ह्या कथेत चित्रकारांचा वाटा फार मोठा आहे.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे, की हा धंदा इंग्रजी बोलणाऱ्या अमेरिकनांनी निर्माण केलेला नाही. कोलंबसाने 1493 च्या दुसऱ्या सफरीत गुरे नव्या जगात नेली. तेथून ती मेक्सिकोत आणि पुढे उत्तरेला टेक्सास व कॅलिफोर्नियात पसरली. स्पॅनिश भाषेत 'वाका' म्हणजे गाय आणि गाई राखणारा तो 'वाकेरो'. घोड्यावर बसून, दोराचा फास टाकून, कुंपण नसलेल्या मुलखात हजारो जनावरे सांभाळायची विद्या ह्या वाकेरोची. 'रँच', 'लासो', 'रोडिओ' हे सारे शब्द स्पॅनिशमधून आलेले आहेत. कॅलिफोर्नियात ख्रिस्ती मिशनांकडे जी अफाट गुरे होती, त्यांचे राखणदार बहुतांशी तेथले मूळ रहिवासी होते. गंमत अशी, की त्या लोकांनी घोड्यावर बसू नये असा आरंभी स्पॅनिश सरकारचा दंडक होता. पण पायी चालून अर्धरानटी गुरे आवरत नाहीत, हे लौकरच दिसून आले आणि दंडक गुंडाळून ठेवावा लागला. गुरे माणसाकडून कायदा बदलून घेतात, त्याचे हे एक उदाहरण.

ह्या वाकेरोंचा पहिला नाव घेण्याजोगा चित्रकार जेम्स वॉकर. हा मूळचा इंग्लंडातला, अमेरिकेत वाढलेला. मेक्सिको आणि अमेरिका ह्यांचे युद्ध 1846 मध्ये जुंपले तेव्हा तो मेक्सिकोतच होता, आणि पुढे अमेरिकन सैन्याबरोबर दुभाष्या म्हणून राहिला. त्याचे नाव झाले ते युद्धचित्रांनी. पण आम्हाला त्याची आठवण राहते ती 1877 च्या सुमारास त्याने कॅलिफोर्नियात काढलेल्या चित्रांमुळे. एका चित्रात वाकेरो वाड्यात कोंडलेल्या घोड्यांवर फास टाकत आहेत. रुंद टोप्या, रंगीत पोशाख, नक्षीदार खोगिरे, आणि धुळीतून वर उठलेला दोराचा फास. दुसऱ्या एका चित्रात त्यांनी चक्क अस्वल फासात धरले आहे. दोन बाजूंनी दोर ताणलेले, घोडे मागे रेटून उभे आणि मधे ते धूड.

ह्या चित्रांत दोराकडे नीट पाहावे. कॅलिफोर्नियाच्या वाकेरोचा दोर कच्च्या चामड्याच्या वाद्या विणून केलेला असे आणि चांगला साठ फुटांहून लांब असे. फास जनावराच्या गळ्यात किंवा शिंगांत पडला, की दोराचे दुसरे टोक खोगिराच्या पुढच्या खुंटाला झटकन वेढे देऊन आवळायचे. वेढे सैल सोडले तर दोर सरकतो आणि ओढीचा जोर ओसरतो. घट्ट केले तर जनावर थांबते. हे सारे घोडा दौडत असताना, एका हाताने. ह्यात अंगठा दोर आणि खुंट ह्यांच्यामध्ये सापडला तर तो तुटून पडतो. जुन्या वाकेरोंपैकी कित्येकांची बोटे अशीच गेलेली असत. टेक्सासच्या लोकांनी ही भानगड टाळण्यासाठी दोर खुंटाला आधीच बांधून ठेवण्याची रीत घातली. मग बोटे वाचली, पण बैल जबर निघाला तर घोड्यासकट स्वार खाली येण्याची पाळी आली. आपल्याकडे वेसण ओढणाऱ्याला आणि कासरा धरणाऱ्याला हाताचा हा हिशोब वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

आता वॉकरच्या चित्राखालची तारीख पाहा: 1877. आणि कॅलिफोर्नियाचे ते पशुपालनाचे वैभव केव्हाचे? 1830 आणि 1840 च्या दशकांतले. त्या काळी बोस्टनची जहाजे येऊन कातडी आणि चरबी भरून नेत. कातड्यांना लोक 'कॅलिफोर्नियाच्या नोटा' म्हणत. नंतर 1848 मध्ये सोने सापडले, माणसांची झुंबड उडाली, जमिनीच्या मालकीचे खटले सुरू झाले. 1860 नंतरच्या पहिल्या चारपाच वर्षांत आधी महापूर आणि मागून अवर्षण आले. लाखो गुरे मेली. 1870 च्या दशकात कायदा असा झाला, की गुरांनी पीक खाल्ले तर भरपाई गुरांच्या मालकाने द्यायची. म्हणजे कुंपण घालण्याचे ओझे शेतकऱ्यावरून निघून गुरेवाल्यावर आले आणि मोकळ्या चराईचा काळ संपला. वॉकरने कुंचला उचलला तेव्हा त्याच्यासमोर ते जग अर्धेअधिक उठून गेलेले होते. त्याच्या चित्रातले ते झगझगीत रंग एका सरत्या सणाचे आहेत.

आमच्या म्हणण्याचा पहिला धागा येथे हाती येतो. गुराख्याचा धंदा भरात असतो तेव्हा त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. तो बुडू लागला, की चित्रकार धावत येतो.

टेक्सासचीच गोष्ट घ्या. यादवी युद्ध 1865 मध्ये संपले तेव्हा टेक्सासात गुरे उदंड आणि गिऱ्हाईक नाही, अशी अवस्था होती. तेथे चार डॉलरला मिळणारे जनावर उत्तरेच्या शहरांत चाळीस डॉलरला जाई. मधे शेकडो मैलांचा मुलूख आणि रेल्वे फक्त कॅन्ससपर्यंत. तेव्हा गुरे चालवत न्यायची. 1867 मध्ये अ‍ॅबिलीन ह्या रेल्वेच्या ठाण्यावर गुरांचा बाजार उभा राहिला आणि पुढल्या वीस वर्षांत लक्षावधी जनावरे ह्या वाटांनी उत्तरेला गेली. दोन-अडीच हजारांचे एक खिल्लार, त्यामागे दहा-बारा माणसे, दिवसाची मजल दहा-पंधरा मैल, आणि महिन्याचा पगार पंचवीस ते चाळीस डॉलर. खिल्लाराच्या शेपटाला जो असे त्याच्या तोंडात दिवसभर धूळ. रात्री पाळीपाळीने पहारा, आणि पहाऱ्यावर गाणी म्हणायची. घोड्याच्या चाहुलीने गुरे दचकून उधळू नयेत म्हणून माणसाचा आवाज सतत त्यांच्या कानी पडत राहावा लागे. ह्या माणसांत काळे होते, मेक्सिकन होते; काळ्या गुराख्यांचे प्रमाण चौथाईच्या आसपास असावे असा अभ्यासकांचा अंदाज आहे. गुलामीत जन्मलेला बोस आयकर्ड हा चार्ल्स गुडनाइट ह्या मोठ्या पशुपालकाचा सर्वांत विश्वासू माणूस होता. 1929 मध्ये तो वारल्यावर गुडनाइटने त्याच्या थडग्यावर दगड बसवून त्याची निष्ठा कोरून ठेवली. परंतु त्या काळच्या गाजलेल्या चित्रांत असे चेहरे शोधू जाल तर फार थोडे हाती लागतील. आणि ज्या गवतावर ही गुरे चरली ते गवत आधी कोणाचे? गव्यांच्या कळपांचे, आणि त्या कळपांवर जगणाऱ्या मूळ रहिवाशांचे. 1880 च्या दशकाच्या आरंभापर्यंत गवे जवळजवळ निःशेष मारले गेले आणि ती माणसे राखीव मुलखांत कोंडली गेली; मग गुरांना रान मोकळे झाले. गुराख्याचे चित्र पाहताना चौकटीबाहेर ठेवलेली ही माणसेही मनात असू द्यावीत.

असो. आता दोन चित्रकारांची गोष्ट सांगतो. दोघे जवळजवळ समवयस्क. एक 1861 मध्ये जन्मला, दुसरा 1864 मध्ये. पहिला फ्रेडरिक रेमिंग्टन. न्यूयॉर्क राज्यात वाढलेला, येल विद्यापीठाच्या कलाशाळेत शिकलेला. 1883 मध्ये त्याने कॅन्ससमध्ये मेंढ्यांचा वाडा विकत घेऊन पाहिला. वर्षाच्या आतबाहेर तो धंदा आवरता घेतला. नंतर तो मासिकांचा चित्रकार झाला. थिओडोर रूझवेल्ट, जे पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले, त्यांच्या पशुपालन-जीवनावरील लेखांना त्यानेच चित्रे काढली. रेमिंग्टन पश्चिमेत जाई, पाही, टिपून घेई, सामान गोळा करी आणि न्यूयॉर्कजवळच्या आपल्या चित्रशाळेत बसून चित्रे रंगवी. घोड्याची दौड त्याच्याइतकी नेमकी त्याच्या आधी थोड्यांनीच काढली. मायब्रिज ह्या छायाचित्रकाराने 1878 मध्ये दौडत्या घोड्याचे क्षणाक्षणाचे फोटो घेऊन सिद्ध केले, की चारही पाय अधांतरी असतात खरे, पण ते पोटाखाली गोळा झालेले असताना. पुढे-मागे फाकलेले असताना नव्हे. तोवर चित्रकारांचे घोडे लाकडी खेळण्यासारखे पाय ताणून धावत. रेमिंग्टनने ही नवी दृष्टी उचलली.

दुसरा चार्ल्स रसेल. सेंट लुई शहरातल्या खात्यापित्या घरचा मुलगा. अभ्यासात लक्ष नाही. सोळाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, 1880 मध्ये, तो मॉन्टानात गेला आणि तेथलाच झाला. 1882 पासून सुमारे अकरा वर्षे त्याने गुराख्याची नोकरी केली. कामही कोणते? बहुधा रात्रीचे, इतरांचे घोडे रात्रभर राखायचे. त्यामुळे दिवसा त्याला चित्रे काढायला वेळ मिळे. कलाशाळेचे शिक्षण म्हणावे असे काहीच नाही. 1885 च्या सुमाराचे त्याचे एक तैलचित्र आहे, तळ उठवण्याच्या वेळेचे. सकाळी खोगीर चढवलेले घोडे उसळ्या मारताहेत, स्वार आपापल्या परीने तोल सांभाळताहेत. रचना कच्ची आहे, हात अजून बसलेला नाही. पण त्या गर्दीतला प्रत्येक माणूस वेगळा आहे. ज्यांच्याबरोबर सकाळची कॉफी प्यायली त्यांचीच ही चित्रे, हे लगेच कळते.

आणि मग आला 1886–87 चा हिवाळा. मॉन्टानाच्या कुरणांवर त्या वेळी गवताला झेपणार नाहीत इतकी गुरे होती. विलायतेतल्या भांडवलदारांनीही त्या धंद्यात पैसा ओतला होता. 1886 चा उन्हाळा कोरडा गेला, गवत खुरटले. नोव्हेंबरपासून बर्फ पडू लागले, मधे थोडे वितळून पुन्हा गोठले आणि गवतावर बर्फाची कडक साय धरली. गुरांना खुराने ती फोडता येईना. जानेवारीत हिमवादळे आली. गुरे तारेच्या कुंपणापर्यंत जात आणि तेथेच अडून मरत. त्या मुलखात चिनूक नावाचा एक उष्ण कोरडा वारा रॉकी पर्वतावरून पूर्वेकडे उतरतो. तो सुटला, की बर्फ पाहता पाहता वितळते. सगळे त्याची वाट पाहत होते.

रसेल त्या हिवाळ्यात एका वाड्यावर इतर गुराख्यांबरोबर अडकून पडला होता. दूर शहरात राहणाऱ्या मालकाचे पत्र आले: गुरांची हालहवाल काय? मुकादम उत्तर लिहायला बसला, पण काय लिहावे हे त्याला सुचेना. शेजारी बसलेल्या रसेलने पोस्टकार्डाएवढ्या कागदावर जलरंगांत एक चित्र काढले. बर्फात एकच बैल उभा आहे. फासळ्या मोजून घ्याव्यात, पाठीचा कणा वर आलेला, मान खाली. थोड्या अंतरावर लांडगे बसले आहेत. त्यांना घाई नाही. मुकादमाने ते पाहिले आणि म्हणाला, आता पत्राची गरज नाही. तो कागदच मालकाकडे गेला. पुढे तो हातोहात फिरला, हेलेना शहरात लोकांनी तो पाहिला, आणि रसेल चित्रकार म्हणून ओळखला जाऊ लागला. 'चिनूकची वाट पाहताना' ह्या नावाने ते चित्र प्रसिद्ध आहे.

बंधूंनो, ह्या चित्रात घोडा नाही, फास नाही, शौर्य नाही; गुराखीसुद्धा नाही. तरी गुराख्याच्या जीवनाचे एवढे खरे चित्र आम्हाला दुसरे ठाऊक नाही. कारण ते गुराख्याच्या नजरेने पाहिलेले आहे. आपल्या हवाली केलेले जनावर डोळ्यांदेखत मरत आहे आणि आपण काही करू शकत नाही, हे दुःख पाहुण्या चित्रकाराला सुचण्यासारखे नव्हे. आपल्यापैकी ज्यांच्या घरी 1972 च्या दुष्काळात दावणीची जनावरे सोडून द्यावी लागली, त्यांना ह्या बैलाची ओळख करून द्यायला नको. त्या हिवाळ्यानंतर बर्फ वितळले तेव्हा ओढ्यानाल्यांतून मेलेल्या जनावरांचे खच दिसले. अनेकांची निम्म्याहून अधिक गुरे गेली होती. ग्रॅनव्हिल स्टुअर्ट नावाचा तेथला मोठा पशुपालक म्हणाला, की ज्या जनावराला आपण चारा आणि निवारा देऊ शकत नाही असे जनावर ह्यापुढे बाळगणार नाही. ह्या वाक्याला आम्ही धर्मशास्त्राइतकी किंमत देतो. मोकळ्या रानावर गुरे सोडून नफा मोजण्याचा धंदा तेथे मोडला. वैरण साठवा, गोठा बांधा, कुंपण घाला, असा नवा धंदा सुरू झाला.

रेमिंग्टनवर मात्र अन्याय करू नये. पाहुण्यालाही कधीकधी घरच्यापेक्षा स्वच्छ दिसते. 1895 मधले त्याचे एक चित्र आहे, 'काऊबॉयचे पतन'. नाव ऐकून वाटेल, की घोड्यावरून पडलेला स्वार असेल. तसे काही नाही. राखी आभाळ, जमिनीवर बर्फ, दोन घोडे थकून उभे. एक स्वार घोड्यावर बसून आहे. दुसरा खाली उतरून कुंपणाचे फाटक उघडतो आहे. बस्स, एवढेच. ज्याने हजार मैल दोर घेऊन दौड केली त्याला आता दर थोड्या अंतरावर उतरून फाटक उघडावे आणि लावावे लागते. काटेरी तारेचे पेटंट जोसेफ ग्लिडनने 1874 मध्ये घेतले. वीस वर्षांत त्या तारेने काय केले ते ह्या एका फाटकात रेमिंग्टनने दाखवले. एरवी बंदुका आणि धुळीचे लोट रंगवणारा हा माणूस येथे किती शांत झाला आहे!

आता शेवटचा प्रश्न. हे सारे तिकडचे. आपल्याला त्याचे काय? आम्ही तारखा शेजारी शेजारी मांडून पाहिल्या. तिकडे काटेरी तार 1874 ची. आपल्याकडे गुरांच्या शिरकावाचा कायदा 1871 चा, ज्याने कोंडवाडा पक्का झाला. जंगलाचा कायदा 1878 चा, ज्याने चराईची राने सरकारी हद्दीत गेली. महात्मा फुल्यांनी 1883 च्या 'शेतकऱ्याचा असूड' ह्या ग्रंथात जंगलखात्याने गुरांची चराई बंद केल्याचे गाऱ्हाणे स्पष्ट मांडले आहे. म्हणजे कुंपण दोन्हीकडे एकाच पिढीत पडले. तिकडे ते कॅनव्हासवर आले. आपल्याकडे एका करारी पुरुषाच्या गद्यात आले. चित्रात का आले नाही? 1857 मध्ये मुंबईत कलाशाळा निघाली होती. 1894 मध्ये रविवर्म्यांचा छापखाना सुरू झाला आणि देवदेवतांची चित्रे घरोघर भिंतींवर लागली. गोपाळकृष्ण आपल्या घरात आला, त्याच्या मागे उभी असलेली गायही आली. पण वेशीवर हाळी देणारा, खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी घेतलेला गुराखी त्या भिंतीवर आला नाही. आपण गोपाळाची पूजा केली आणि गुराख्याला शिळी भाकरी दिली. हा शब्द कठोर वाटला तर क्षमा करावी; आम्हीही ती शिळी भाकरी देणाऱ्या घरातलेच आहोत.

अमेरिकेचे उदाहरण डोळे मिटून घ्यावे असे आमचे म्हणणे नाही. त्यांनी गुराख्याला वीर केला आणि त्या भरात त्याचा पगार, त्याची धूळ, त्याचा काळा आणि मेक्सिकन सोबती, ज्याच्या गवतावर तो चरला तो मूळ मालक, ह्या सगळ्यांना झाकून टाकले. रसेलसुद्धा पुढे सुबत्तेत बसून जुन्या दिवसांच्या गोड आठवणी रंगवू लागला. खोटा वीर करणे हाही विसरण्याचाच एक प्रकार आहे. आम्हाला हवे आहे ते त्या पोस्टकार्डाएवढ्या कागदासारखे काही. त्याला कलाशाळा लागत नाही, कॅनव्हास लागत नाही. समोरचे खरे सांगण्याची निकड तेवढी लागते.

आपल्या गावांत अजून गवळी आहेत, धनगर आहेत, खिल्लार सांभाळणारी घराणी आहेत, दावणीला नावाने हाक मारणाऱ्या म्हाताऱ्या आहेत. त्यांच्यापाशी बसावे. त्यांची हाळी, त्यांच्या खुणा, गुरांच्या रंगांची आणि शिंगांची नावे, आजारावरचे उपाय, चराईच्या वाटा आणि त्या केव्हा, कोणी बंद केल्या, हे लिहून घ्यावे. ज्याचा हात चालतो त्याने चित्र काढावे. श्रोत्यांत जी शाळेतली मुले बसली आहेत त्यांना आमची ही खास विनंती आहे. हात कच्चा आहे म्हणून थांबू नका. रसेलचाही कच्चाच होता. आमच्या गावच्या म्हाताऱ्याचा चेहरा आता परत मिळायचा नाही. तुमच्या गावचा अजून मिळण्यासारखा असेल.